विश्लेषण : जुन्या फर्निचरला नवे रूप देताय? पॉलिश पेपर हातात घेण्याआधी त्यावरचा थर ओळखा

रीलमध्ये सगळे तीस सेकंदांत होते. पहिल्या सेकंदाला धुळीने माखलेली, एका पायाने लंगडी खुर्ची. मग सँडरची घरघर, हवेत उडणारा भुगा, ब्रशचे दोन-चार फटकारे आणि शेवटी तीच खुर्ची दिवाणखान्यात कुंडीशेजारी ऐटीत उभी. 'थ्रिफ्टिंग', 'अपसायकलिंग', 'डीआयवाय' अशी नावे काहीही असोत, छंद चांगला आहे. खिशाला परवडतो, हाताला काम देतो आणि एरवी भंगारात गेली असती ती वस्तू घरात राहते. प्रश्न आहे तो फक्त मधल्या चार सेकंदांचा, ज्यात भुगा उडतो. तो भुगा लाकडाचा की रंगाचा, आणि रंगाचा असेल तर तो कोणत्या काळातला, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही. घरात रांगणारे मूल असेल तर मात्र हे कळायलाच हवे.

अशा वस्तू मिळतात कुठे?

मुंबईत भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार, त्यातही मटण स्ट्रीट, हे या छंदाचे जुने माहेरघर. लाकडी आरामखुर्च्या, ग्रामोफोन, पितळी दिवे, सिनेमाची पोस्टर्स असे सगळे तिथे एकमेकांवर रचलेले असते. मोठे फर्निचर हवे असेल तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या घरांमधून निघालेली कपाटे, दरवाजे, पलंग मिळतात. पुणेकरांसाठी बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. पण खरा खजिना बहुतेकांच्या घरातच असतो. गावच्या घराचा माळा, आजीच्या लग्नात आलेली पत्र्याची पेटी, तीन पिढ्यांना झोपवलेला लाकडी पाळणा.

मराठी घरांना ही कल्पना नवी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी आणि वाकळ आपल्याकडे शिवली जातच होती आणि जुने कपडे घेऊन स्टीलचे भांडे देणारी बोहारीण अनेकांना आठवत असेल. फरक एवढाच की कापड धुतले की स्वच्छ होते. लाकडावर आणि पत्र्यावर मात्र आधीच्या प्रत्येक मालकाने मारलेले रंगाचे हात एकावर एक साठत जातात.

विकत घेताना आधी काय पाहायचे?

वस्तू उलटी करा. वरची बाजू विक्रेत्याने चमकवलेली असते, खालची बाजू खोटे बोलत नाही. प्लायवूड असेल तर कडेला थर दिसतात. अख्खे लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून वळून खालपर्यंत जातात. सागवान सोनेरी-तपकिरी असते आणि ताज्या खरवडलेल्या जागी त्याला तेलकट, किंचित चामड्यासारखा वास येतो. शिसम त्याहून जड आणि गडद. जुन्या चाळी आणि वाडे पाडले जातात तेव्हा निघणारे ब्रह्मदेशी साग अनुभवी सुतार पटकन हेरतात, ते याच वासावरून आणि वजनावरून.

मग भोके पाहा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आणि खाली पिठासारखी बारीक पूड दिसली तर लाकूड किडलेले आहे. भोके जुनी आणि कोरडी असतील तर कीड कदाचित केव्हाच निघून गेलेली असते. वस्तू काळ्या कागदावर ठेवून दोन-तीन दिवस वाट पाहायची. नवी पूड पडली तर ती घरात नेऊ नका, कारण कीड शेजारच्या कपाटातही जाऊ शकते. सागाच्या आतल्या, गडद भागाला कीड सहसा शिवत नाही. सालीजवळचा पांढरट भाग मात्र तिच्या आवडीचा.

सांधे हलवून पाहा, पण हलणाऱ्या सांध्याला घाबरू नका. जुन्या खुर्च्यांमध्ये एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली असते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये हाच सांधा हाताने करायला लावतात, तेव्हा जुन्या सुतारांबद्दलचा आदर आपोआप वाढतो. खाच शाबूत असेल तर खुर्ची दुरुस्त होणारच. जुने सांधे बरेचदा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने जोडलेले असतात. सरस गरम पाण्याने मऊ पडतो. त्यामुळे ओल्या गरम फडक्याने शेकून सांधा न मोडता सोडवता येतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावण्याआधी जुना सरस पूर्ण खरवडून काढावा लागतो. गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरला तरच धरतो, आणि ती छिद्रे जुन्या सरसाने बुजलेली असतात.

वेताची बैठक फाटली असेल तर ती विणून देणारे कारागीर अजून आहेत. अंध व्यक्तींच्या प्रशिक्षण संस्थांमध्ये खुर्च्या विणण्याचे काम अनेक दशके शिकवले गेले. बोटांना वीण कळते, डोळ्यांची गरज तितकीशी पडत नाही.

वरचा थर कोणता, हे घरी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते आणि त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातले स्पिरिट आणि थिनर पुरते. खिडकी उघडा, जवळ शेगडी किंवा उदबत्ती नको. वस्तूच्या खालच्या बाजूला, जिथे डाग पडला तरी चालेल अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरा. थर चिकट झाला आणि कापसाला तपकिरी रंग लागला तर ते लाखेचे पॉलिश. काही झाले नाही तर शेजारी थिनरचा बोळा लावा. थर विरघळला तर ती लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर सहसा मेलामाइन, पीयू किंवा तेलाचे व्हार्निश.

लाखेचे पॉलिश निघाले तर तुमचे नशीब चांगले. लाख हा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका छोट्या किड्याचा स्राव. झारखंड हा तिचा देशातला मोठा उत्पादक प्रदेश, आणि रांचीत १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. पूर्वीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्याच असत, आणि आजही गोळ्या-औषधांवरचा चकचकीत थर आणि काही चॉकलेटांची चमक शुद्ध केलेल्या लाखेची असते. म्हणजे हा थर खाण्यातही वापरला जातो. तो काढायला घासावेही लागत नाही. स्पिरिटचे फडके फिरवले की विरघळतो आणि त्याच स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या नव्या लाखेचा हात दिला की जुना-नवा थर एकजीव होतो. पीयूच्या बाबतीत हे जमत नाही. ते एकदा पक्के झाले की पुन्हा विरघळत नाही.

खालचे लाकूड ज्यातून दिसत नाही असा अपारदर्शक रंग असेल, म्हणजे आपण ज्याला 'ऑइल पेंट' म्हणतो तो, आणि विशेषतः तो पिवळा, केशरी, लाल किंवा हिरवा असेल, तर इथे थांबायचे. पॉलिश पेपर खाली ठेवा.

रंगात शिसे आले कसे?

हेतूने. शिसे हे रंगातले भेसळीचे द्रव्य नव्हते, तो कामाचा घटक होता. शिशाचे क्रोमेट चमकदार पिवळा रंग देते आणि उन्हात टिकते. त्यात निळा मिसळला की हिरवा मिळतो, इतर घटकांच्या जोडीने केशरी आणि लाल. शिशाची काही संयुगे ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणूनही घातली जात. पांढऱ्या रंगासाठी पूर्वी शिशाचा सफेदा वापरत. त्याचा रंगाऱ्यांना होणारा त्रास इतका उघड होता की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्येच त्यावर निर्बंध घालणारा करार केला.

लोखंडाचीही गोष्ट हीच. गंज लागू नये म्हणून पत्र्याच्या पेट्या, लोखंडी खाटा आणि ग्रिल यांना पहिला हात बरेचदा शिशाच्या लाल ऑक्साइडचा दिला जाई. आपण ज्याला परंपरेने शेंदूर म्हणतो तो हाच. रंग खरवडताना खाली भगवट-केशरी थर दिसला तर संशय घ्या. विटकरी-तपकिरी दिसला तर तो बहुधा साधा रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड असतो. नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही, पण सावध व्हायला एवढे पुरे.

अमेरिकेने घरगुती रंगांमधील शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, पण रंगांसाठी सक्तीची मर्यादा यायला आणखी सतरा वर्षे गेली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाविषयी नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत जास्तीत जास्त ९० भाग, ही मर्यादा बंधनकारक झाली. त्याआधीच्या रंगांना कायद्याची अशी सक्ती नव्हती. जुन्या बाजारातली रंगवलेली जवळपास प्रत्येक वस्तू या तारखेच्या आधीची असते, हा इथला कळीचा मुद्दा. म्हणजे सगळ्याच वस्तूंवर शिसे असेल असे नाही. डब्यावर तसा दावा करणे बंधनकारक नसल्याने आज ते वरून सांगता येत नाही, एवढेच.

नियमानंतरही काही रंगांत मर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळल्याचे पर्यावरण संस्थांच्या चाचण्यांतून समोर आले आहे. शिवाय हा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. म्हणून नवा रंग घेतानाही डब्यावर ९० पीपीएमचा उल्लेख शोधा, आणि यंत्रांसाठीचा रंग 'टिकाऊ असतो' म्हणून खुर्चीला लावू नका.

पण हे इतके गंभीर आहे का?

रंग भिंतीवर किंवा खुर्चीवर घट्ट चिकटलेला आहे तोवर फारसे नाही. तो भुगा झाला की चित्र बदलते. कोरड्या घासणीने रंगाचे इतके बारीक कण होतात की ते दिसत नाहीत, तासन् तास हवेत राहतात आणि मग फरशीवर, पडद्यांवर, खेळण्यांवर बसतात. मूल रांगते, हात तोंडात घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पोटात गेलेल्या शिशापैकी जितका भाग मोठ्या माणसाचे शरीर शोषून घेते, त्याच्या चार-पाच पट मुलांचे शरीर शोषते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. बुद्ध्यांक घटतो, लक्ष टिकत नाही, आणि हे नुकसान भरून येत नाही. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही पातळी माहीत नाही, असे ही संघटना सांगते. गरोदर महिलेच्या रक्तातून ते गर्भापर्यंत पोहोचते.

युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. म्हणजे तीनपैकी एक मूल. याला फर्निचर जबाबदार आहे असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. गाड्यांच्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणे हे त्यामागचे फार मोठे कारण आहे. पण बॅटरीची भट्टी आपल्या हातात नसते, आपल्या हॉलमधला सँडर असतो.

वाईट भाग असा की सुरुवातीला काही जाणवत नाही. भूक मंदावणे, चिडचिड, पोटदुखी ही लक्षणे कशाचीही असू शकतात. खात्री फक्त रक्ततपासणीने होते. घरात आधीच असे काम झाले असेल आणि लहान मूल किंवा गरोदर महिला असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून 'ब्लड लेड' चाचणीविषयी विचारा. झाडू मारू नका, त्याने धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके फेकून द्या.

मग माळ्यावरचा पाळणा टाकून द्यायचा?

नाही. पण त्यात बाळ झोपवायचे की त्याला दुसरे काम द्यायचे, हे आधी ठरवा. बाळ कठडा चावते, त्यामुळे जुन्या रंगावर नवा रंग मारणे इथे पुरत नाही. दात लागला की खालचा थर उघडा पडतो. सगळा रंग काढायचा असेल तर तो बाळ आणि त्याची आई घरात नसताना, घराबाहेर, शक्यतो अनुभवी माणसाकडून. शिवाय जुन्या पाळण्यांच्या दांड्यांतले अंतर मोजा. अमेरिकी मानकांप्रमाणे ते सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, नाहीतर बाळाचे अंग आरपार जाऊन डोके अडकू शकते. हे जमणार नसेल तर पाळणा मासिके ठेवायला किंवा गोधड्या रचायला ठेवा. आठवण राहते, धोका नाही.

खुर्ची, टेबल, पेटी यांचे तसे नाही. रंग घट्ट असेल, पापुद्रे निघत नसतील, तर तो काढण्याचा हट्टच कशाला? ओल्या फडक्याने पुसून, प्रायमर देऊन वरून नवा रंग मारा. जुना थर आत बंद होतो. पापुद्रे सुटत असतील तर ओल्याने घासा. हार्डवेअरच्या दुकानात 'वॉटर पेपर' म्हणून मिळतो तो याचसाठी. पृष्ठभाग ओला ठेवत घासले की भुग्याचा चिखल होतो आणि तो उडत नाही. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि काम संपले की आतल्या बाजूला दुमडत गुंडाळा. तोंडाला कापडी रुमाल नव्हे, नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा. कामाचे कपडे वेगळे धुवा.

दोन गोष्टी पूर्ण टाळा. एक, इलेक्ट्रिक सँडर. दुसरी, ब्लो टॉर्च किंवा खूप तापवलेली हीट गन. तापलेल्या रंगातून शिशाचा धूर निघतो आणि तो मास्कमधूनही जाऊ शकतो. 'पेंट रिमूव्हर' वापरायचाच असेल तर डब्यावरचे घटक वाचा. मिथिलिन क्लोराइड असलेला रिमूव्हर बंद खोलीत जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेने २०१९ मध्ये तो ग्राहकांना रंग काढण्यासाठी विकण्यावर बंदी घातली.

रंगात शिसे आहे का हे दाखवणाऱ्या, घासल्यावर गुलाबी-लाल होणाऱ्या कांड्या ऑनलाइन मिळतात. लाल झाली तर आहे असे समजा. झाली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण शिसे खालच्या थरात असू शकते. प्रयोगशाळेत रंगाचा नमुना तपासून घेणे हा खात्रीचा मार्ग. रिकामे रंगाचे डबे हा घरातला घातक कचरा, तो वेगळा द्यायचा असतो. खरवडलेला रंगही त्याच पिशवीत, वेगळा बांधून द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात नको आणि कुंडीतल्या मातीत तर मुळीच नको.

नवे पॉलिश कोणते आणि कधी?

रोज पाणी सांडणारे जेवणाचे टेबल असेल तर पीयू. गरम कपाचे पांढरे वर्तुळ लाखेवर उमटते. पुस्तकांचे कपाट, आरामखुर्ची, देव्हारा यांसाठी लाखच. हार्डवेअरच्या दुकानातून चपडा लाख आणा, काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, गाळा आणि सुती कापडाच्या बोळ्याने पातळ हात देत जा. एक जाड हात देण्यापेक्षा दहा पातळ हात चांगले. प्रत्येक हात काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे रविवारची एक दुपार पुरते.

जवसाच्या तेलाचा फिनिशही सुंदर येतो, पण तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळते म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेते, त्यातून उष्णता निघते, आणि गोळा झालेल्या फडक्यात ती अडकून फडके आपोआप पेटू शकते. ते पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

आणि हे सगळे पावसाळ्यात नको. लाखेतले स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि पॉलिश दुधासारखे पांढरे पडते. मुंबई-कोकणात तर जुलैमध्ये हमखास. लाकूडही या दिवसांत पाणी पिऊन फुगलेले असते, तेव्हा जुळवलेला सांधा मार्चमध्ये सैल पडतो. दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागली की सुरुवात करा. तोवर खुर्ची उलटी करून काळ्या कागदावर ठेवा आणि पूड पडते का ते पाहत राहा.